पहिली शेंग अळणी

मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा रानपाला दाबताना अनिताचे देठ-शेंडे उलटसुलट होत होते आणि ते पुतळीआत्यांना दिसत होते. पुतळीआत्यांना सगळंच दिसायचं. अडुसष्टावं लागलं, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, तरी रामवाडीहून गागोद्याला येताना रिक्षात बसल्या बसल्या कुणी वाल उशिरा पेरला आणि कुणाच्या बांधावर कुणाची म्हैस चरतेय, हे त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

"देठ आत घाल गो, शेंडं भायेर," त्या म्हणाल्या. "वहिनी अशी नाय घालायची."

"घालते, आत्याबाई."

"आता घातलायस तो काय काढून घालणार? ऱ्हाऊ दे."

अनिताने शेंगांचा पहिला थर लावला. सकाळी सहाला ती आणि तिचा नवरा सुशील रोह्याहून निघाले होते, वडखळला अर्धा तास अडकले होते, आणि आल्यापासून तिने शेतात बसून दोन टोपल्या वालाच्या शेंगा तोडल्या होत्या. हे आत्याबाईंना दिसलं नव्हतं असं नाही. पण दिसणं वेगळं आणि बोलून दाखवणं वेगळं.

गेल्या वर्षी पोपटी, म्हणजे उलट्या मडक्यात जाळाखाली शिजवायच्या वालाच्या शेंगा, लागलीच नव्हती. सासूबाई कृष्णाबाई तेव्हा रोह्याला अनिताकडे अंथरुणावर होत्या. त्या गेल्या, त्याला आता दहा महिने झाले. बाराव्याच्या दिवशी पुतळीआत्यांनी सगळ्यांसमोर विषय काढला होता. "मडकं घरातल्या बाईनं भरायचं. जी घर सोडून गेली, तिनं नाय. आबाचं घर आता मीच बघते, तर मडकं पण माझ्याकडं रामवाडीला द्या." पुतळीआत्या हे उगाच म्हणत नव्हत्या. वहिनी रोह्याला गेल्यापासून आठवड्यातले चार दिवस त्या भावाला, म्हणजे अनिताचे सासरे हैबतराव यांना, रांधून घालत होत्या. हैबतराव एवढंच म्हणाले, "कृष्णानं अनिताला सांगितलंय. या वर्षी अनिता भरंल. फुडचं फुडं बघू."

फुडचं फुडं म्हणजे काय, ते अनिताला नीट कळलं होतं. आज काही चुकलं, तर मडकं रामवाडीला जाणार.

तशी ती घर सोडून गेली होती हे खोटं नव्हतं. सुशीलला रोह्याच्या कंपनीत शिफ्ट होती, लेकीला, समीक्षाला, नर्सिंगला घालायचं होतं, आणि आठ वर्षांपूर्वीच्या शिमग्यात सासू-सुनेचं असं कडाक्याचं वाजलं होतं की पुढची दोन वर्षं कृष्णाबाई तिच्याशी बोलल्या नाहीत. त्याच कृष्णाबाई शेवटचे तीन महिने तिच्या हातचं जेवल्या. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. ताट समोर आलं की त्या लहान पोरीसारखं तोंड करत आणि म्हणत, "एक चिमूट दे गो. कुणाला नाय सांगत." अनिता देत नसे. मग ती त्यांच्याच ताटातला पहिला घास स्वतः खाऊन दाखवी. "बघा, मीपण अळणीच खाते." मग कृष्णाबाई जेवत.

तशाच एका दुपारी कृष्णाबाईंनी तिचा हात धरला होता. "मडकं तू भर. सात शेंगा येगळ्या, केळीच्या पानात, मडक्याच्या तोंडाशी. त्याला मीठ नाय लावायचं. पाहुण्याला पयली ती द्यायची. आन् वाटीत एक मूठ मीठ उरवायचं. पाहुणा अळणी शेंग खाईल, मग त्याच्याफुडं ती वाटी धरायची." एवढं बोलून त्यांना धाप लागली. अनिताला तेव्हा वाटलं होतं, एवढ्या भांडणानंतर या बाईने मला आपलं मानलं. यापरतं आणखी काय हवं होतं मला?

आता तिने बटाटे रचले, अंडी रचली. रोह्याच्या जुन्या घरोब्यातल्या वाजिदने मसाला लावून आणलेली कोंबडी पानात गुंडाळून मधोमध ठेवली. या पोपटीतली कोंबडी वाजिदच्या घरूनच यायची, म्हणजे दोन्ही घरं निर्धास्त खात. वर पुन्हा शेंगा, ओवा, जाडं मीठ. मग मडक्याच्या तोंडाशी तिने केळीच्या पानाचा तुकडा पसरला आणि त्यावर सात शेंगा मोजून ठेवल्या.

"वहिनीचा हात सढळ व्हता," मागून पुतळीआत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. "बिचारी. मिठागरावरच्या बापाची लेक, नि शेवटी मिठाला मोताद झाली."

अनिताच्या डोळ्यांसमोर ते ताट आलं. तो पुढे केलेला हात आला. चिमूटभर मागत होत्या. दिलं असतं तर काय झालं असतं? जायच्या त्या गेल्याच. तिने वाटीतलं मीठ मुठीत घेतलं आणि सगळं भुरभुरलं, शेंगांवर, पानावर, कडेच्या पाल्यावर. घ्या आई, पोटभर घ्या. मग पान दुमडलं, केळीच्या सोपटाने बांधलं, आणि वरून पाला कोंबून मडक्याचं तोंड बंद केलं.

सुशील आणि वाजिद यांनी मडकं उलटं करून जमिनीवर बसवलं. भोवती पेंढा, वाळकं गवत, काटक्या, गोवऱ्या. हैबतरावांनी वाकून काडी लावली. जाळ भडभडून वर आला, सगळे मागे सरले, आणि अनिताने पदराला हात पुसता पुसता वाटीकडे पाहिलं.

वाटी रिकामी होती.

*

वाजिदच्या बायकोने, आमनाने, आधी अनिताचा चेहरा पाहिला आणि मग वाटी. तिला कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

ती बांधावर चटई टाकून बसली होती. दर वर्षी ती इथेच बसायची. या घराची पहिली शेंग तिच्या सासूच्या, हलीमाबाईंच्या हातात पडायची. त्या गेल्यावर ती आमनाच्या हातात पडू लागली. अजून चारच वाजत होते, ऊन कलायला लागलं होतं, आणि जळत्या भांबुर्डीचा उग्र वास शेतभर झाला होता.

"आबा, मला एक विचारायचंय," समीक्षा आजोबांजवळ बसत म्हणाली. न्यूझीलंडला हॅमिल्टनच्या इस्पितळात नर्स होऊन तिला तीन वर्षं झाली होती. महिन्याच्या रजेवर आली होती, आणि रजेची तारीख तिने पोपटी बघूनच घेतली होती. "माझ्या शेजारी माओरी लोक राहतात. त्यांच्यात हांगी असते. खड्डा खणायचा, त्यात तापलेले दगड, वर टोपल्यांत मांस, रताळी, मग ओली फडकी टाकून माती लोटायची. दोन-तीन तास. म्हणजे आपली पोपटीच, फक्त पुरलेली."

"म्हणजे त्यांना मडकं मिळालं नाय," पुतळीआत्या म्हणाल्या.

"तसंच समज. खायच्या आधी त्यांच्यातला मोठा माणूस प्रार्थना म्हणतो. आणि माझ्या वॉर्डातली तेरेसा, फिलिपिन्सची, एकतीस डिसेंबरला बारा गोल फळं मांडते. बारा महिन्यांची बारा. मग सगळ्या मला म्हणाल्या, तुमच्याकडचं काहीतरी कर. मी ओव्हनमध्ये पोपटी केली."

"ओव्हनात?" सुशील हसला.

"हसू नका हो पप्पा. तिकडच्या मोठ्या घेवड्याच्या शेंगा घेतल्या, पाला कोबीचा. पण सात शेंगा अळणी ठेवल्या आणि पहिली घरमालकीणबाईंना दिली. ऐंशीच्या आहेत त्या. त्यांनी खाल्ली आणि विचारलं, याचा अर्थ काय? मला सांगताच येईना. म्हणाल्या, मग घरी जाशील तेव्हा विचारून ये, तोवर आपण खात राहू. तर आबा, हे कुठून आलं?"

हैबतरावांनी काठीने एक गोवरी जाळात सरकवली.

"त्यात काय विचारायचं?" पुतळीआत्याच पुढे झाल्या. "राखणदाराचा मान हाय तो. शेताच्या राखणदाराला मीठ चालत नाय. आपल्या पणज्याच्या पणज्यापासनं चालत आलंय."

"मग राखणदाराला ठेवायचं सोडून आमनाचाचीला का देतात?"

पुतळीआत्यांनी हा प्रश्न ऐकू आला नाही असं केलं.

"मी सांगतो," वाजिद म्हणाला. "ही रीत तुमची नाय, आमची हाय. अम्मी सांगायची, आपल्यात पयला घास अळणी खातात. ईदला आमच्याकडं बिर्याणीच्या आधी एकेक चमचा अळणी भात असतो. मी कुवेतला वीस वर्षं काढली, तिथं पण सोडलं नाय. रूमवर एक मलबारी, दोन बिहारी, एक मिसरी. सगळे बिचारे तोंड वाकडं करून खायचे. त्यांना वाटायचं कोकणात असंच असतंय."

"असतंय ना?" समीक्षाने विचारलं.

"रोह्यात दुसऱ्या कुठल्या घरात तर मी बघितलं नाय," वाजिद डोकं खाजवत म्हणाला. "अम्मीलाच ठाऊक."

अम्मीला ठाऊक होतं, आणि अम्मीने ते एकट्या आमनाला सांगितलं होतं. तिच्या मुलाच्या, अफानच्या बाळंतपणाची गोष्ट. वाजिद कुवेतला, हलीमाबाईंचे गुडघे धरलेले, घरात दुसरं बाईमाणूस नाही. गागोद्याहून कृष्णाबाई आल्या आणि पंधरा दिवस राहिल्या. बाळाला न्हाऊ घातलं, आमनाला शेक दिला, आणि एक दिवस घाईत बाळंतिणीच्या मऊ खिमटीत मीठ घालायला विसरल्या. ते कळल्यावर दोन्ही म्हाताऱ्या एकमेकींकडे बघून अशा हसल्या, अशा हसल्या, की पाळण्यातलं पोर जागं झालं. त्या रात्री हलीमाबाईंनी सुनेला सारं सांगितलं.

कृष्णाबाई नवी नवरी होती, सतरा वर्षांची. हलीमाबाई नवऱ्याबरोबर गागोद्याला वाल खरेदीला आल्या होत्या. नव्या सुनेने पहिल्यांदाच पोपटी भरली होती, सासू, नणंद, चुलतसासवा, सगळा गाव बघत होता. मडकं उघडल्यावर पाहुणी म्हणून पहिली शेंग हलीमाबाईंच्या हातात आली. दाताखाली धरली तर पार अळणी. पोरीच्या तेव्हाच ते ध्यानात आलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "काय करू सांग," हलीमाबाई आमनाला म्हणाल्या होत्या. "मी तोंडातला दाणा गिळला आणि बोलले, वा, तुम्ही आमची रीत सांभाळलीत. आमच्यात पयली शेंग अळणीच खातात. मीठ मागनं. आणा बघू मीठ." मग काय, पुढच्या वर्षी त्या पोरीने सात शेंगा मुद्दाम अळणी ठेवल्या, हलीमाबाई येणार म्हणून. आणि आपलं बोलणं खरं करायला हलीमाबाईंना घरी ईदला अळणी भात सुरू करावा लागला. "मला मेलीला मीठ किती लागतं तुला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या होत्या. "जन्मभर फेडतेय."

फेडतेय म्हणताना त्यांचा चेहरा मात्र उजळला होता, हे आमनाला आज आठवलं. तिने पुन्हा अनिताकडे पाहिलं. अनिता जाळाकडे बघत उभी होती आणि रिकामी वाटी तिने पदराखाली घेतली होती.

"अनिता," आमना हळूच म्हणाली, "इकडे बस गो. माझ्या बाजूला."

*

जाळ खाली बसला. हैबतरावांनी तांब्यातलं पाणी बोटांनी मडक्यावर शिंपडलं. चर्र करून थेंब उडाले.

"झाली," ते म्हणाले. "पालथ्या घड्यावर पाणी इथंच तेवढं कामाला येतं."

हे ते दर वर्षी म्हणत. दर वर्षी कृष्णा म्हणायची, पुरे आता. आज कुणी काही म्हणालं नाही, आणि त्यांना ते फार जाणवलं.

सुशीलने गोणपाट धरून मडकं उचललं, पाला ओढला, आणि वाफेबरोबर पुरचुंडी बाहेर पडली. हैबतरावांनी ती स्वतः सोडली. पहिली शेंग उचलून त्यांनी ती आमनाच्या ओंजळीत दिली.

"घे पोरी. तुझ्या सासूच्या जागी."

सगळे बघत होते. पुतळी तर मान पुढे काढून बघत होती. आमनाने शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले.

"अळणी हाय," ती म्हणाली. "पायजे तशी. कृष्णाकाकींच्या हातचीच वाटते."

हैबतरावांनी दुसरी शेंग घेतली. दाणा जिभेवर आला आणि ते थांबले. मीठ होतं. चांगलं सढळ हाताने टाकलेलं जाडं मीठ. पन्नासपेक्षा जास्त वर्षं या पुरचुंडीतली शेंग ते अळणी खात आले होते. त्यांनी आमनाकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. हलीमाबाईची सून बसलीय, त्यांच्या मनात आलं. हलीमाबाईचीच सून.

"व्हय," ते म्हणाले. "अळणी हाय."

"नाय." अनिता उठून उभी राहिली होती. वाटी तिच्या हातात होती. "नाय आबा. आमनाभाभी मला सांभाळून घेते. ती अळणी नाय. मी मीठ टाकलं. वाटी पण संपवली, हे बघा. आई शेवटी चिमूटभर मागायच्या आणि मी दिलं नाय. आज हातात मीठ आलं नि हात थांबला नाय माझा." तिने वाटी पालथी करून दाखवली. "आईंनी एक काम सांगितलं होतं. तेवढं पण मला जमलं नाय. मडकं आत्याबाईंना द्या."

पुतळीआत्यांनी तोंड उघडलं आणि हैबतरावांनी हात वर केला.

"थांब पुतळे. आधी मी बोलतो. कृष्णा असती तर मला बोलू दिलं नसतं. समीक्षा, तू इचारत व्हतीस ना, कुठनं आलं? चुकीतनं आलं." आणि त्यांनी सांगितलं. तीनच वाक्यांत सांगितलं, त्यांना लांबण लावता येत नसे. मिठागरावर वाढलेली पोर पहिल्याच पोपटीत मीठ विसरली. हलीमाबाई म्हणाली, आमच्यात असंच खातात. त्या रात्री कृष्णा मला म्हणाली, त्या बाईचं हे बोलणं मी कधी खोटं पडू देणार नाय.

वाजिद आ वासून बायकोकडे बघत होता. "तुला ठाऊक व्हतं?"

"अम्मीनं सांगितलं व्हतं."

"नि मी वीस वर्षं कुवेतला अळणी भात खाल्ला?"

सुशीलला हसू आवरेना. समीक्षा मात्र हसत नव्हती. ती आईजवळ जाऊन उभी राहिली आणि तिने तिचा हात धरला. "मी तिकडे हेच सांगणार," ती म्हणाली. "आमच्या घरात एकदा एक पोरगी चुकली आणि एका पाहुणीनं ते पोटात घातलं. म्हणून आम्ही ही शेंग खातो. याच्यापेक्षा चांगला अर्थ कुणाच्या घरी असेल?"

"मी व्हते तिथं," पुतळीआत्या अचानक म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. त्या जळालेल्या राखेकडे बघत होत्या.

"बारा वर्षांची व्हते मी. मी पण शेंग खाल्ली नि थू करून टाकली. म्हटलं, आये, मीठच नाय यात. आयेनं माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की दोन दिवस काळंनिळं ऱ्हायलं. म्हणाली, गप खा, राखणदाराचा वाटा हाय तो." त्यांनी दंडावरून हात फिरवला. "म्हणजे आयेला पण कळलं व्हतं."

"सगळ्यांना कळलं असंल," हैबतराव म्हणाले. "तू सोडून."

"आयेनं वहिनीला कधी बोलून दाखवलं नाय."

"नाय."

"आन् मी जन्मभर राखणदार राखणदार करत ऱ्हायले." पुतळीआत्यांनी पदराने नाक पुसलं. दोन्ही गुडघ्यांवर हात टेकत त्या उठल्या, कुणाचा हात न घेता, आणि पुरचुंडीतली तिसरी शेंग त्यांनी उचलली. सोलली. अनिताच्या समोर उभ्या राहून, तिच्या डोळ्यांत बघत, दोन दाणे तोंडात टाकले. चावले.

"अळणी हाय," पुतळीआत्या म्हणाल्या.

"आत्याबाई..."

"मी सांगते ना, अळणी हाय. मीठ कुठाय?"

अनिताने रिकामी वाटी पुढे केली. पुतळीआत्यांनी उरलेली शेंग त्या रिकाम्या वाटीत बुडवली, चांगली घोळवली आणि खाल्ली.

"आता बरी लागली," त्या म्हणाल्या. "फुडल्या वर्षी तेवढी एक मूठ उरव गो."